श्रीमती ‘क’ यांचे मिस्टर

मी कल्याणच्या एका कॉलेजात संशोधन पद्धती शिकवते. विषय असा, की पोरं पहिल्या बाकावर बसूनही डुलक्या काढतात. त्यातल्या त्यात केस स्टडीचं प्रकरण आलं की माना जरा वर होतात, कारण त्यात माणूस असतो. एकच माणूस, नाहीतर एकच कुटुंब, एकच शाळा. पण ती आतून-बाहेरून, खोदून खोदून, धीराने पाहायची. दर वर्षी कुणीतरी हात वर करतंच. “मॅडम, एका केसवरून सिद्ध काय होणार?” मी म्हणते, “काही नाही होत बाबा सिद्ध. शंभर जणांकडे एकेकदा जाऊन जे कळत नाही, ते एकाकडे पुन्हा पुन्हा जाऊन कळतं, एवढंच.” पोरं ते लिहून घेतात आणि परीक्षेत तसंच्या तसं उतरवतात.

आमच्या घरातली केस म्हणजे माझे वडील. ते ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कारखाना बंद पडला आणि ते घरी बसले. घरी बसले म्हणजे खरोखरच बसले, गॅलरीतल्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून. आई शाळेत मास्तरीण होती, मी कॉलेजात शिकत होते, घरात तसं काही अडत नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही. आई म्हणायची, बसू देत, माणसाला थकवा येतो. नवरात्रातल्या एका दुपारी तिने त्यांना सांगितलं, “अहो, मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकलंय, तेवढं आणता का? संध्याकाळी चटणी वाटायचीय.” ते उठले, चपला घातल्या, गेले. ते अजून आलेले नाहीत.

दुरुस्तीवाला म्हणाला, “घेऊन गेले की! पातं फिरवून बघितलं, झकास झालं म्हणाले, आणि टेंभी नाक्याच्या बाजूला वळले.” टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला ही गर्दी. त्या गर्दीत शिरलेला माणूस दुसऱ्या बाजूने बाहेरच आला नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, हॉस्पिटलं झाली, आणि जिथे जाऊन चादर वर करून बघावं लागतं तिथेही मी आणि काका जाऊन आलो. सगळ्यात आधी मात्र आईने मला मंडपात पिटाळलेलं. तिथल्या कार्यकर्त्याने वडिलांचं नाव माईकवर पुकारलं. “जिथे असतील तिथून त्यांनी मंडपाच्या डाव्या बाजूला यावे, त्यांच्या घरची माणसे वाट पाहत आहेत.” आमचं घर जवळच, त्यामुळे ते आईलाही गॅलरीत ऐकू आलं. मग त्याच माईकवर आरती सुरू झाली. मी मंडपाच्या डाव्या बाजूला उभी होते. लहान मुलं सापडत होती, म्हाताऱ्या सापडत होत्या, एकेकाला हात धरून घेऊन जात होते.

तेव्हापासून दर नवरात्रात माईकवर कुणाचंही नाव पुकारलं की आई हातातलं काम टाकून गॅलरीत जायची. नाव पोराचं असो, बाईचं असो. पुकारणं संपलं की परत यायची आणि जिथे थांबली होती तिथून पुढे भाजी चिरायची. मला त्या माईकची इतकी धास्ती बसली, की आजही कुठल्या स्टेजवर कुणी “हॅलो, हॅलो” केलं तर मी आधी डाव्या बाजूला बघते.

आईचं बाकी सगळं नेटकं होतं. रिटायर होईपर्यंत शाळा केली, मला शिकवलं, माझं लग्न लावलं. कपाळाला कुंकू तसंच, वटपौर्णिमा तशीच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्या मिक्सरची मोटर, भांड्याशिवाय, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली. वाटायला नवा मिक्सर घेतला होता. पण जुनी मोटर हलवायची नाही. “भांडं येईल तेव्हा लागेल ना,” असं ती इतकं सहज म्हणायची की पाहुणे मान डोलवायचे. दाराची कडी दिवसा कधी लावली नाही. आणि बेल वाजली की आतून तिचा आवाज यायचा, “कोण आहे गं?” त्यातला तो ‘गं’ जरा लांबायचा. मी म्हणायचे, “कोणी नाही, इस्त्रीवाला.” मला अक्षरशः राग यायचा. इस्त्रीवाल्याचा, तिचा, आणि सगळ्यात जास्त वडिलांचा. मरायचं तर नीट मरावं की माणसाने! हे काय, ना इकडे ना तिकडे.

गावाकडून काका आले होते एकदा. बरीच वर्षं उलटलेली. त्यांनी चहा पिता पिता विषय काढला, की वहिनी, माणूस इतकी वर्षं आला नाही तर पुतळा करून विधी करतात, शास्त्रात आहे, म्हणजे त्याला गती मिळते. आई म्हणाली, “भाऊजी, अळूचं फतफतं केलंय, जेवूनच जा.” काका निमूट जेवून गेले. पितृपक्षात सगळ्या बिल्डिंगमध्ये वड्यांचा वास सुटायचा, आमच्याकडे रोजचीच पोळी-भाजी.

मग बिल्डिंगच धोकादायक ठरली. ठाण्यात हे काही नवीन नाही. महापालिकेची माणसं येतात, भिंतीवर खुणा करतात, नोटीस चिकटवतात. जिन्यातल्या सळया बाहेर आल्या होत्या, स्लॅबचे पोपडे पडत होते. पावसाच्या आधीच बरीच बिऱ्हाडं गेली. कोणी घोडबंदरला मुलाकडे, कोणी भाड्याने कळव्याला. नवरात्र झालं की पाणी तोडणार, असं पालिकेचा माणूस सांगून गेला. आई जायला तयार नाही. मी डोंबिवलीला राहते, नवरा आहे, एक खोली रिकामी आहे, मुलगा शिकायला बाहेर. काहीही अडचण नाही. पण बाई ऐकेल तर शपथ.

“आई, गॅलरी पडेल एक दिवस,” मी फोनवर म्हटलं.

“मी गॅलरीत जातेच कुठे.”

“जातेस. माईक लागला की जातेस.”

त्यावर ती म्हणाली, “ते आले तर कुठे येतील? त्यांना हाच पत्ता ठाऊक आहे.” मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा न्हाणीघराच्या दारात स्लॅबचा हाताएवढा तुकडा पडला होता आणि आईने तो झाडून कोपऱ्यात नीट ठेवला होता. मला रडूच आलं. तो तिच्या डोक्यात पडला असता तर? एक माणूस भांडं आणायला गेला, आता दुसरं त्याची वाट बघत ढिगाऱ्याखाली जाणार होतं.

त्याच सुमारास माझ्या सहकारी बाईंची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या पीएचडीचा विषय होता, घरातलं माणूस बेपत्ता झालं तर मागे राहिलेली बाई कशी जगते. तीन-चार केसेसच करायच्या, पण सखोल. मला पद्धतीबद्दल विचारायला आलेली, सहज म्हणाली, “मॅडम, ओळखीत कुणी आहे का हो असं?” मी म्हटलं, “आहे. माझी आई. बघ बोलते का.” मनात म्हटलं, मला नाही सांगत, परक्या मुलीला तरी सांगेल. बोलून मोकळी झाली तर निघेल तिथून.

आई बोलली, आणि कशी! ती मुलगी कितीदा तरी गेली. आई तिला घावणे करून घालायची, तिच्या मराठीच्या चुका काढायची, आणि मध्येच वडिलांबद्दल असं काहीतरी सांगत असावी जे मला कधीच सांगितलं नव्हतं. ती मुलगी मला यातलं काही बोलली नाही, आणि बोलूही नये, तसा नियमच आहे. “काकू छान आहेत हो,” एवढंच म्हणायची. मला बारीकसा मत्सर वाटायचा.

केस स्टडीत दोन पथ्यं पाळावी लागतात. एक, माणूस ओळखू येता कामा नये, म्हणून नाव, गाव, खाणाखुणा बदलायच्या. दुसरं, लिहून झालं की ते त्या माणसाला वाचून दाखवायचं. बाई गं, हे असंच ना? तुझ्या तोंडी नको ते घातलं नाही ना? पितृपक्ष लागला होता तेव्हा ती मुलगी प्रकरण घेऊन आली. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तीच वाचून दाखवणार होती. आईने मलाही बसवून घेतलं. दुपारची वेळ, खाली रस्त्यावर नवरात्राच्या मंडपाचे बांबू उतरवत होते.

मुलीने वाचायला सुरुवात केली. “श्रीमती ‘क’ या नाशिकमध्ये एका जुन्या इमारतीत राहतात.” आईने माझ्याकडे पाहिलं. आमचं ठाणं नाशिक झालं होतं. कारखान्याची बँक झाली होती, नवरात्राचं गणेश विसर्जन झालं होतं. माझ्या जागी मुलगा आला होता. “हा मुलगा अधूनमधून येतो व आईवर चिडतो.” मी खोकले. आणि मिक्सरच्या भांड्याची छत्री झाली होती. श्रीमती ‘क’ यांचे पती दुरुस्तीला टाकलेली छत्री आणायला गेले आणि विसर्जनाच्या गर्दीत दिसेनासे झाले. छत्री त्यांनी दुकानातून घेतली होती. श्रीमती ‘क’ यांनी छत्रीची खुंटी अजून रिकामी ठेवलेली आहे. दार वाजलं की त्या विचारतात, कोण आहे.

मुलगी वाचत राहिली. आई सुरुवातीला शाळेतल्यासारखी बसली होती, चुका काढायच्या तयारीत. मग तिचे हात मांडीवर थांबले. आमचंच घर कुणीतरी उचलून दुसऱ्या गावात नेऊन ठेवलंय, तिथेही एक बाई गॅलरीत येऊन उभी राहते, आणि तिला काही आपण हाक मारू शकत नाही, असं मला वाटायला लागलं. बरं, ती बाई खोटी म्हणावी तर तिच्याबद्दलचं अक्षर न् अक्षर खरं.

वाचून झालं. मुलीने विचारलं, “काकू, बरोबर आलंय ना? काही बदलायचंय का?”

आईने तिच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाली, “फार वाईट झालं गं त्या बाईचं.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, गप्प राहा.

“तिला समजावणारं कुणी नाही का? मुलगा आहे ना?”

“आहे. तो चिडतो,” मुलगी हळूच म्हणाली.

“चिडून काय होतंय? जवळ बसून सांगावं की. म्हणावं, गेले तुझे मिस्टर. इतकी वर्षं कोणी छत्री घेऊन हिंडत नसतं.” आईचा आवाज अगदी साधा होता, शेजारणीबद्दल बोलावं तसा. “म्हातारा असेल तो आता. नसेलच. असता तर आला नसता का घरी? वाईट माणूस नव्हता ना तो?”

“नव्हता,” मुलगी म्हणाली.

“मग झालं तर.” आई म्हणाली. “त्याचं पान वाढतात का गं अमावास्येला?”

“नाही. त्यांच्या घरी... नाही वाढत.”

“अगं बाई!” आईने कपाळाला हात लावला. “म्हणजे इतकी वर्षं तो उपाशीच की!”

हे ती अशा काही कळवळ्याने बोलली, की त्या मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर रुमालाखाली मोटर होती. मी नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिले. आईला कळलं होतं की नव्हतं? तिचं डोकं तल्लख होतं, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं रोज सोडवायची. ती कुणाबद्दल बोलत होती, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मुलगी गेल्यावर आई म्हणाली, “सर्वपित्रीला ये तू सकाळी. त्या नाशिकच्या माणसाचं पान ठेवू. त्याचं कुणी करत नाही ना? सर्वपित्रीला कुणाचंही करता येतं.”

“बरं,” मी म्हटलं.

“आमसुलाची चटणी तू कर. माझी हल्ली आंबट होते.”

सर्वपित्रीच्या सकाळी मी पोचले तेव्हा आईने वडे तळून ठेवले होते. खीर, कढी, भाजणीचे वडे, भोपळ्याची भाजी, गवार. आमच्या घरात हा वास मी लहानपणी आजोबांच्या श्राद्धाला घेतलेला, त्यानंतर आत्ताच. केळीच्या पानावर वाढताना तिने वड्यांच्या बाजूला तळलेली भरली मिरची ठेवली. भरली मिरची वडिलांना आवडायची. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

गच्चीवर जायला तशी बंदी होती, दोर बांधला होता. आम्ही त्याखालून वाकून गेलो. आईचा हात माझ्या खांद्यावर. कठड्याजवळ न जाता मधोमध पान ठेवलं, पाणी फिरवलं, आणि मागे सरकून उभ्या राहिलो. कावळे होते ना, भरपूर होते. शेजारच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर ओळीने बसले होते. त्यांना आज गावभर पंगती, त्यामुळे तोरा विचारू नका. एक जण आमच्या कठड्यावर येऊन बसला. मान तिरपी करून पानाकडे बघायचा, आमच्याकडे बघायचा, आणि जागचा हलायचा नाही.

पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरची माणसं काय करतात ते मला माहीत होतं. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून कुणीतरी मोठ्याने कबूल करतं, अमुक मी बघेन, तमुकाची काळजी करू नका. मी संशोधन शिकवणारी बाई, माझा यावर काडीचा विश्वास नाही. तरी मी हात जोडून म्हटलं, “त्या बाईंची काळजी करू नका. त्यांच्याकडे लक्ष देऊ आम्ही.” स्वतःचाच आवाज मला खोटा वाटला. कावळ्यालाही वाटला असावा. त्याने पाठ फिरवली.

ऊन चढत होतं. खीर सुकायला लागली. मी म्हटलं, “आई, चल खाली. येईल तो नंतर.”

आईने पदर नीट केला, दोन पावलं पुढे गेली.

“अहो,” ती म्हणाली.

ही हाक मी, वडील गेले त्या दिवसापासून ऐकलेली नव्हती. नाशिकच्या माणसाला कोणी ‘अहो’ म्हणत नाही.

“अहो, ऐकताय ना? ही बिल्डिंग पाडणार आहेत. आपण डोंबिवलीला जातोय, हिच्याकडे. पूर्वेला. स्टेशनवरून सरळ गणपतीच्या देवळापर्यंत यायचं, तिथून डाव्या हाताची गल्ली, गिरणीच्या वरची बिल्डिंग. खाली विचारलंत तरी सांगतील.” मग अगदी हळू, जसं दारात उभ्या माणसाला सांगतात तसं म्हणाली, “आणि भांडं राहू दे. नाही मिळालं तरी चालेल. तसेच या.”

मी तोंडावर ओढणी धरली. कावळा कधी उतरला ते मी पाहिलं नाही. पान सिमेंटवर ओढल्याचा आवाज तेवढा आला. आई खाली वाकून तांब्या उचलत होती. “चल,” म्हणाली, “आपलीही जेवणं व्हायचीत.”

त्या मुलीचा नंतर फोन आला. वाचून दाखवल्यावर श्रीमती ‘क’ काय म्हणाल्या, त्यानंतर काय झालं, हेही प्रकरणात यायला हवं होतं. मी तिला गच्चीवरचं सांगितलं. तिने विचारलं, “मॅडम, हे घालू?” मी म्हटलं, “आईला विचार.” आईने परवानगी दिली, फक्त एक अट घातली. भांडं म्हणायचं नाही, छत्री म्हणायचं. त्यामुळे त्या प्रबंधात आज असं आहे, की श्रीमती ‘क’ पतीला म्हणाल्या, छत्री नाही मिळाली तरी चालेल. मी ते वर्गात वाचून दाखवते. पोरं माना वर करतात. “मॅडम, पुढे काय झालं?” विचारतात. मी म्हणते, पुढचं अभ्यासाच्या कक्षेत येत नाही.

पुढे झालं ते असं. आई डोंबिवलीला आली. सामान बांधताना मी ती मोटर भंगारात टाकायला उचलली, तर म्हणाली, “राहू दे गं, जुनी वस्तू आहे.” भांडं आलं तर लागेल, असं म्हणाली नाही. मोटर आता माझ्या ओट्यावर आहे. आई खाते-पिते, शब्दकोडं सोडवते, संध्याकाळी देवळात जाते, तिथे तिला मैत्रिणी मिळाल्यात. कुंकू आहे. त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि मीही नाही. मला वाटलं होतं, हे सगळं झालं की माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल.

परवा दुपारी ती मटार सोलत बसली होती. बेल वाजली. मी कान टवकारले, आता विचारेल, कोण आहे गं. तिने विचारलं नाही. मानही वर केली नाही. एक शेंग सोलली, दुसरी घेतली. त्या शांततेत मला इतकं भयाण वाटलं, की काय सांगू. इतकी वर्षं ती वाट बघत होती, म्हणून मला बघावी लागत नव्हती. मी खुशाल चिडत होते. आता घरात वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं, आणि दारात कोणीतरी उभं होतं.

मी हातातलं टाकून धावत गेले. कुरिअरवाला होता.

“कोणी नाही,” मी आत येऊन म्हटलं. कुणी विचारलं नव्हतं तरी.